मनाचा वैद्य केव्हा बोलवावा

सर जॉन माल्कम याने १८२३ साली प्रसिद्ध केलेल्या मध्य हिंदुस्थानच्या वृत्तांतात होळकरांच्या घराण्यातील बुद्धिभ्रंशाच्या दोन हकीकती लिहून ठेवल्या आहेत, आणि त्या शेजारी शेजारी ठेवून वाचल्या म्हणजे मनोविकारांशी आपल्या समाजाने पुढे दोन शतके जो व्यवहार केला त्याची बीजे तेथेच दिसू लागतात. माल्कम हा जिंकणाऱ्यांच्या पक्षाचा मुत्सद्दी होता, तेव्हा त्याचे लिहिणे थोडे पाखडून घ्यावे हे खरे. परंतु माळव्याचा बंदोबस्त लावीत असताना जुन्या माणसांच्या तोंडून त्याने जे टिपून घेतले ते आपल्या बखरकारांनी टिपले नाही, हेही तितकेच खरे.

पहिली हकीकत मालेरावाची. थोरले मल्हारराव १७६६ साली निवर्तल्यावर सुभेदारीची वस्त्रे अहल्याबाईंच्या या एकुलत्या एका पुत्रास मिळाली. वाड्यातील एका दासीशी संबंध असल्याच्या संशयावरून त्याने एका कशिदेकारास ठार करविले, मागाहून तो मनुष्य निरपराध असल्याचे उघडकीस आले, आणि पश्चात्तापाने म्हणा की मुळातच अस्थिर असलेल्या चित्ताच्या क्षोभाने म्हणा, मालेरावाने जे अंथरूण धरले ते पुन्हा सोडले नाही. मृताच्या पिशाच्चाने त्याला झपाटले आहे याविषयी दरबारात कोणासच संदेह नव्हता. अहल्याबाई रात्रंदिवस पुत्राच्या उशाशी बसून त्या पिशाच्चाशी बोलणे लावीत, तुझ्या नावाने देऊळ बांधते, तुझ्या कुटुंबास जहागीर लावून देते, परंतु माझ्या मुलास सोड, अशी विनवणी करीत. आणि मुलाच्याच मुखातून उत्तर येई की निरपराध्याचा प्राण घेतला त्याचा प्राण घेतल्यावाचून सुटका नाही. १७६७ साली मालेराव वारला. जिच्या न्यायबुद्धीची ख्याती पुढे सगळ्या हिंदुस्थानात पसरली त्या बाईने आजारालाही एका फिर्यादीचे रूप देऊन तडजोडीची तजवीज चालविली होती, यात मला हसण्यासारखे काही दिसत नाही. त्या काळी उपलब्ध असलेल्या उपायांपैकी सर्वांत सभ्य उपाय तोच होता.

दुसरी हकीकत यशवंतरावाची, आणि ती अधिक बोलकी आहे. इंग्रजांशी तह होऊन माळव्यात परतल्यावर या शूर पण उद्ध्वस्त पुरुषास तोफा ओतण्याचा एकच ध्यास लागला. भानपुऱ्यास भट्ट्या पेटवून तो स्वतः कारागिरांच्या बरोबरीने राबे, आणि त्या श्रमांच्या जोडीला मद्यपान असे अमर्याद चाले की मुंबईच्या दुकानांतील चेरी ब्रँडीचा साठा त्याच्यासाठी रिता होई, असे माल्कम नमूद करतो. पुढे त्याचा राग अनावर होऊ लागला, स्मरण दगा देऊ लागले. आणि येथे ती नोंद येते जिच्यासाठी मी ही हकीकत सांगत आहे. आपला कारभारी बाळाराम शेट याच्यापाशी यशवंतरावाने स्वतःच कबूल केले की एका क्षणी बोललेले दुसऱ्या क्षणी आपल्याला आठवत नाही, आणि त्याने औषध मागितले. औषध कोणते द्यावे हे कोणास ठाऊक नव्हते. १८०८ साली विकार उसळला, तेव्हा ज्याच्या नावाने दिल्लीपर्यंतचा मुलूख कापत असे त्याला माणसे लोटून दोरखंडांनी जखडावे लागले. एका वेगळ्या तंबूत ठेवून दूध पाजीत त्याला सांभाळण्यात आले, हळूहळू उन्माद ओसरून त्याच्या जागी निःशब्द जडता आली, आणि १८११ साली त्याच अवस्थेत त्याचा अंत झाला. विकार मद्याचा होता, मेंदूच्या एखाद्या रोगाचा होता की आणखी कशाचा, याचा निर्णय आज कागदावरून करणे हा पोरखेळ होईल. लक्षात घेण्यासारखे एवढेच की, काहीतरी बिघडले आहे हे रोग्याने स्वतः ओळखले होते, आणि त्याच्या त्या मागणीपासून दोरखंडापर्यंतचा जो अवधी तो वाया गेला. मनोविकारांच्या वैद्यकाचा आपल्याकडील इतिहास म्हणजे बव्हंशी या अवधीचाच इतिहास आहे.

शास्त्र नव्हते असे मात्र नव्हे. चरकाने उन्मादाचे पाच प्रकार सांगितले, त्यांतील चार दोषांच्या प्रकोपाने होणारे आणि पाचवा आगंतु. आणि त्या पाचव्याविषयीही निदानस्थानात असा निर्वाळा दिला की, जो मूळचा आपल्याच कर्माने क्लिष्ट झालेला नाही त्याला देव, गंधर्व वा पिशाच्च बाधू शकत नाहीत, म्हणून दोष देवादिकांवर न लोटता स्वतःच्या प्रज्ञापराधाकडे पाहावे. इतकी स्वच्छ दृष्टी असलेले शास्त्र गावकुसापर्यंत पोहोचता पोहोचता पुष्कळ पातळ झाले. घरातले माणूस रात्र रात्र जागू लागले, एकटेच पुटपुटू लागले, की प्रथम अंगारा, मग उतारा, मग देवऋषी, आणि त्यानेही भागले नाही तर गाणगापूर किंवा नरसोबाची वाडी, नाहीतर गुजरातेतील उनाव्याचा मीरा दातार, हा क्रम ठरलेला असे आणि पुष्कळ ठिकाणी आजही आहे. ‘बाहेरचे काहीतरी आहे’ हे एक वाक्य उच्चारले की कुटुंबाला दोन गोष्टी मिळत: रोग्याच्या माथी दोष येत नसे, आणि घराण्याच्या माथी कलंक येत नसे. १९८०च्या दशकात व्हिएडा स्कल्टन्स या विदुषीने फलटणच्या एका महानुभाव मंदिरात राहून जे पाहिले ते विलक्षण आहे. आजारी मुलाला वा नवऱ्याला घेऊन आलेल्या बायका त्याची पीडा आपल्या अंगावर यावी अशी प्रार्थना करीत, आणि मग अंगात येऊन घुमत त्या, रोगी नव्हे. सेवेचा हा प्रकार ज्याला केवळ अंधश्रद्धा वाटतो त्याने आपल्या घरातील सासुरवाशिणींच्या वाट्याला आजारपणात काय येते तेही पाहावे. परंतु देवळाच्या ओसरीवर माणसाला आसरा मिळतो म्हणून रोगाची वाढ थांबते असे नाही, आणि तेथे गेलेले महिने पुढे कोणी परत आणून देत नाही.

कंपनी सरकारने या प्रश्नाला हात घातला तो दयेपोटी कमी आणि बंदोबस्तापोटी अधिक. मुंबईत कुलाब्यास १८२६ साली वेड्यांचे इस्पितळ उभे राहिले. आणि बंडाच्या धामधुमीनंतर लगेच, १८५८ साली, वेड्यांविषयीचे तीन कायदे एकापाठोपाठ झाले, त्यांतील छत्तिसावा कायदा इस्पितळांच्या कारभाराचा होता. त्याची रीत अशी होती की, रस्त्यात भटकणाऱ्या वा धोकादायक वाटणाऱ्या इसमास पोलिसांनी धरून मॅजिस्ट्रेटपुढे रुजू करावे, डॉक्टराने दाखला द्यावा, आणि मॅजिस्ट्रेटाने हुकूम लिहावा. म्हणजे या दारात शिरण्याचा रस्ता चावडीवरून आणि कचेरीवरून जात होता. रोग केव्हा झाला हे ठरविण्याचा अधिकार रोग्याला नव्हता, वैद्यालाही अर्धाच होता. तो होता शांतताभंगाला.

या कारभाराचे एक चित्र १८९३-९४च्या भांग-गांजा कमिशनाने अनायासे काढून ठेवले आहे. इस्पितळांच्या वार्षिक अहवालांत वेडाचे कारण म्हणून गांजा पुन्हा पुन्हा येत असे, आणि त्या आकड्यांवर भरवसा ठेवून विलायतेत गांजाबंदीची ओरड चालू होती. कमिशनाने मुळाशी जाऊन पाहिले, तेव्हा असे निघाले की रोग्याबरोबर जे वर्णनपत्रक येई त्यात कारणाचा एक रकाना असे, तो पोलिसांनी भरायचा, आणि कारण ठाऊक नाही असे लिहून पाठविले की वरिष्ठांकडून विचारणा होई. मग धरलेल्या बैराग्याच्या झोळीत चिलीम सापडली म्हणजे हवालदाराची अडचण दूर होत असे. इस्पितळातील कारकून तेच वहीत उतरवून घेई, वहीतले अहवालात जाई, आणि अहवालातले शास्त्र होऊन बसे. १८९२ साली देशभरात दाखल झालेल्या १,३४४ रोग्यांपैकी २२२ जणांच्या नावापुढे भांग-गांजाची नोंद होती. एकेक प्रकरण उकरून पाहिल्यावर कमिशनाने त्यातली ९८ तेवढी ग्राह्य धरली. रोग्याची पूर्वकथा कोणी नीट विचारलीच नव्हती. आज मनोविकारतज्ज्ञ पहिल्या भेटीत जो तासभर घालवितो तो या एका रकान्याच्या जागी, असे म्हटले तरी चालेल.

दरम्यान इस्पितळे वाढत होती. नागपूरचे १८६४ साली निघाले. रत्नागिरीचे १८८६ साली, म्हणजे ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा याला ज्या वर्षी त्याच गावी आणून ठेवले त्याच वर्षी, (सरकारला जी माणसे दृष्टीआड हवी असत त्यांच्यासाठी रत्नागिरी सोयीची होती असे दिसते). ठाण्याचे, नरोत्तमदास माधवदास यांच्या नावाचे, १९०१ साली. आणि कुलाब्याचे रोगी पुढे पुण्याजवळ येरवड्यास हलविले गेले. ठाणे आणि येरवडा ही गावांची नावे राहिली नाहीत, ती घराघरांत धमकी म्हणून आणि नाक्यानाक्यावर थट्टा म्हणून चालू लागली. ‘याला ठाण्याला पाठवा’ असे म्हणताना कोणाला तलाव आठवत नसे. डॉक्टरकडे जाण्यातली जी भीती आजही सुशिक्षित माणसाच्या पोटात गोळा आणते तिचे एक मूळ या थट्टेत आहे.

१९१२च्या कायद्याने एक फट ठेवली होती. स्वतःहून इस्पितळात येऊ इच्छिणाऱ्याला स्वेच्छेने दाखल होता येई, परंतु त्यासाठी सरकारने नेमलेल्या पाहणी-सदस्यांपैकी दोघांची संमती लागे. ताप आलेल्या माणसाने दवाखान्याची पायरी चढण्यापूर्वी दोन प्रतिष्ठित गृहस्थांच्या सह्या आणाव्यात, असा तो प्रकार. त्यानंतर १९२०च्या सुमारास ‘वेड्यांचे इस्पितळ’ ही पाटी जाऊन ‘मनोरुग्णालय’ या अर्थाची पाटी आली. आतील व्यवस्थेत फारसा फेर पडला नाही. १९४६ साली भोर समितीने हिशेब मांडला तेव्हा विलायतेत सुमारे ३०० लोकवस्तीमागे मनोरुग्णांची एक खाट होती, हिंदुस्थानात सुमारे ४०,००० मागे एक.

खरा पालट झाला तो या भिंतींच्या बाहेर. कलकत्त्यास गिरींद्रशेखर बोस यांनी १९३३ साली एका सामान्य रुग्णालयात मनोविकारांचा बाह्यरुग्ण विभाग उघडला, आणि १९३८ साली मुंबईत जे. जे. रुग्णालयात के. आर. मसाणी यांनी तसाच विभाग सुरू केला. त्याच्या वर्षभर आधी टाटांच्या समाजकार्य-विद्यालयाने मुलांच्या मानसिक तक्रारींसाठी मार्गदर्शन केंद्र काढले होते. वरवर पाहता ही किरकोळ प्रशासकीय घटना आहे. परंतु तिचा अर्थ असा की खोकला झालेला गिरणी-कामगार, गरोदर बाई आणि तीन महिने झोप उडालेला कारकून हे एकाच फाटकातून आत जाऊन एकाच खिडकीवर केसपेपर काढू लागले. मॅजिस्ट्रेटाचा हुकूम नाही, पोलीस नाही, रात्री परत घरी. पुढे मुंबईच्याच के.ई.एम. रुग्णालयात डॉ. वाहिया यांनी पतंजलीच्या योगसूत्रांवर आधारलेली उपचारपद्धती बसवून पाहिली, तेव्हा परळच्या त्या इमारतीत पाश्चात्त्य विज्ञान आणि आपला जुना विचार यांची भेट झाली. ती टिकली किती हा प्रश्न वेगळा.

औषधाची कथा याहून रंजक आहे, आणि तिच्यातही मुंबईचा वाटा आहे. सर्पगंधेचे मूळ उन्मादावर देण्याची चाल आपल्याकडे जुनीच. गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ साली उन्माद व रक्तदाब या दोहोंवरील तिचा गुण लिहून प्रसिद्ध केला, पण तो लेख देशाबाहेर कोणी वाचला नाही. १९४९ साली मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रोग्यांवरील आपले अनुभव इंग्लंडच्या हृदयरोगविषयक नियतकालिकात छापले, आणि मग जगाचे डोळे उघडले. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये त्या मुळातून रिसर्पिन वेगळे काढण्यात आले आणि दोनच वर्षांत अमेरिकेतील मनोरुग्णालयांत ते दिले जाऊ लागले. त्याच १९५२ साली पॅरिसला क्लोरप्रोमाझीनचा उपयोग सिद्ध झाला, आणि परिणामांच्या दृष्टीने तेच वरचढ ठरल्याने सर्पगंधा मागे पडली. जाता जाता तिने एक धडा मात्र दिला: रिसर्पिन घेणारे काही रोगी खोल नैराश्यात गेलेले आढळले, आणि मनःस्थितीचा मेंदूतील रसायनांशी काय संबंध असावा या विचाराला त्यातून चालना मिळाली. गोळ्यांनी माणूस बरा होऊन घरी जाऊ शकतो हे एकदा दिसल्यावर उंच भिंतींचे समर्थन करणे कठीण झाले.

भिंतींच्या आतही कोणी वेगळे करू धजले तर काय होते ते येरवड्याला दिसले. तेथील मनोरुग्णालयात काम करणाऱ्या डॉ. अनिता अवचट यांनी अनिल अवचटांच्या साथीने आणि पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने १९८६ साली त्याच आवारातील एका इमारतीत मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले, आणि ज्या नावाने मुलांना भिववीत असत त्या गावी लोक आपल्या पायांनी येऊ लागले. कायदाही रखडत मागून आला. १९१२चा कायदा जाऊन १९८७चा झाला, तो अमलात यायला १९९३ उजाडले. २००१ साली तामिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्यापाशी साखळदंडांनी बांधलेले २८ रोगी आगीत सापडून मेले, तेव्हा साऱ्या देशाला खडबडून जाग आली. आणि २०१७च्या कायद्याने साखळी घालण्यास मनाई केली, भूल दिल्यावाचून विजेचा शॉक देणे बंद केले, आणि आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्यास गुन्हेगार न मानता तीव्र मानसिक ताणाखालचा माणूस मानावे असे ठरविले. स्वतःच्या सहीने दाखल होणे आणि स्वतःच्या इच्छेने बाहेर पडणे हा आता नियम आहे, सक्ती हा अपवाद.

इतके होऊनही २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात असे आढळले की दर शंभर प्रौढांत सुमारे दहा-अकरा जणांना त्या वेळी कोणता ना कोणता मनोविकार होता, आणि त्यांतील बहुसंख्य उपचारांपर्यंत पोहोचलेच नव्हते. दारे उघडली तरी केव्हा जावे याचा जुनाच निकष आपण वापरतो: भांडी फेकली, अंगावर धावून गेला, विहिरीकडे निघाला, म्हणजे मग डॉक्टर. वास्तविक मनोविकारतज्ज्ञाच्या दवाखान्यात जी माणसे बाकावर बसलेली असतात त्यांपैकी फार थोडी आरडाओरडा करणारी असतात. दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास, कशातच गोडी नाही, पहाटे तीनला जाग येऊन पुन्हा डोळा लागत नाही, जेवण उतरत नाही, हातचे काम होईनासे झाले आहे. छातीत धडधडते म्हणून हृदयाच्या सगळ्या तपासण्या झाल्या आणि सगळ्या चांगल्या निघाल्या. बाळंतपणानंतर आईला बाळाकडे पाहवत नाही. सगळे आपल्यावर पाळत ठेवतात असे वाटते किंवा कोणी नसताना आवाज ऐकू येतात. घोट घेतल्यावाचून सकाळी हात स्थिर राहत नाहीत. वडिलांना नेहमीचा रस्ता सापडेनासा झाला आहे. यांतील काहीही असले तरी भेट पुढे ढकलण्यात शहाणपणा नाही. आणि कोणी जीव देण्याविषयी बोलू लागले तर तो ‘नाटक करतो’ असे म्हणण्याची आपली घातकी सवय मोडून त्याला एकटे न सोडता त्याच दिवशी दवाखाना गाठावा. रात्रीअपरात्री सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य लागतो.

दवाखान्यात जे घडते त्यात गूढ काही नाही. मनोविकारतज्ज्ञ हा एम.डी. झालेला डॉक्टर असतो, म्हणून तो आधी शरीराकडे पाहतो. उदासीच्या मागे थायरॉइड किंवा बी-१२ची उणीव नाही ना, हे रक्त तपासून ठरवितो. औषध लिहिलेच तर नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला दोन-चार आठवडे लागतात, आणि त्या पहिल्या पंधरवड्यातच ‘काही उपयोग नाही’ म्हणून सोडून देणारे पुष्कळ. बरे वाटू लागल्यावर तर सोडणारे त्याहून पुष्कळ, वास्तविक पहिल्या खेपेलासुद्धा बरे वाटल्यानंतर सहा-नऊ महिने औषध चालू ठेवावे लागते आणि डॉक्टरच्या सल्ल्याने हळूहळू उतरवावे लागते. जेथे बोलण्यानेच काम होण्यासारखे असते तेथे तो मानसोपचारतज्ज्ञाकडे धाडतो, जो गोळी लिहू शकत नाही पण ऐकण्याची विद्या शिकलेला असतो.

या सगळ्याच्या आधी तो एक साधा प्रश्न विचारतो: हे केव्हापासून? आई म्हणते, गेल्या दिवाळीपासून. भाऊ म्हणतो, छे, नोकरी गेली तेव्हापासून, दीड वर्ष झाले. आणि रोग्याला बोलू दिले तर पुष्कळदा तो दोघांच्याही मागे जातो, बारावीच्या वर्षाचा एखादा महिना सांगतो, ज्याची घरात कोणाला दादच नव्हती. डॉक्टर तिन्ही उत्तरे लिहून घेतो, कारण स्किझोफ्रेनियासारख्या विकारात उपचारांवाचून गेलेला काळ जितका लांब तितके औषधाला यश कमी येते, आणि पुढील वर्षांचा अंदाज त्याला त्या तारखेवरून बांधायचा असतो.